बाबांची खराब लाइन

कंपनीत तिला पाठीमागे सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. नाव ठेवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण नोकरीला लागल्यापासून ती एकच काम करत आली होती, मोडेममधून वस्तू कमी करायचं. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्या कॉम्प्युटरला ऐकवणारी पेटी. ती नोकरीला लागली तेव्हा ही पेटी दोन हातांनी उचलावी लागायची. पुढे दिव्यांची रांग, आत पंखा, आणि किंमत अशी की फक्त बँका आणि मोठी ऑफिसंच घेणार. साहेब लोकांचं म्हणणं, पेटी लहान करा, स्वस्त करा, म्हणजे ती घरोघरी जाईल. सांगायला काय जातं? सांगून साहेब लोक मिटिंगला गेले आणि पेटी हिच्या टेबलावर राहिली.

तिची पद्धत साधी होती आणि जरा निर्दयही. आतल्या सर्किट बोर्डावरच्या एकेका पार्टला विचारायचं, काय रे, तुझं इथे काम काय? उत्तर पटलं नाही की सोल्डरिंग आयर्न तापवायचं आणि त्याला उचलायचं. मग मोडेम चालवून बघायचं. अडलं तर पार्ट मुकाट्याने परत जागेवर. चाललं तर तो डबीत टाकायचा आणि पुढच्याकडे वळायचं. पंखा असा गेला. दिवे गेले, एकच उरला. फोन लागताना कुईकुई करणारा स्पीकर गेला तेव्हा विक्रीवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं, गिऱ्हाइकांना तो आवाज आवडतो म्हणे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्पीकर काढलाच.

एक नियम मात्र तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. नवा बोर्ड पास झाला की त्याच लाइनवर लगेच आधीचा, नापास झालेला बोर्ड लावून बघायचा. तो पुन्हा नापास झाला तरच नव्याचं खरं मानायचं. टेलिफोनच्या लाइनचा काही भरवसा नसतो. एखाद दिवशी ती खुशीत असली तर कुणीही पास होतं.

खरेदी विभागातला माणूस तिच्यावर फार खूश असायचा. एकेक पार्ट गेला की त्याचं काम कमी व्हायचं. चहाचा कप घेऊन तो तिच्या टेबलापाशी यायचा आणि विचारायचा, “आज कुणाचा नंबर?” एकदा म्हणाला, “मॅडम, असंच चाललं तर एक दिवस आपण रिकामी डबी विकू.”

“डबीसुद्धा महाग पडते,” ती म्हणाली. “तिचंही बघायचंय.”

तो हसला. ती गंमत करत नव्हती.

आता कुणी म्हणेल, घरीही ती अशीच एकेक गोष्ट कमी करत गेली असणार. तसं काही नव्हतं. घरात मुळातच फार काही आलं नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, एक पलंग, एक खुर्ची, आणि कुणी आलं तर लागेल म्हणून घेतलेली दुसरी खुर्ची, जिच्यावर ती इस्त्रीचे कपडे ठेवायची. लग्न झालं नाही. का झालं नाही याला कथा नाही. ठरवण्याचं वय होतं तेव्हा ती पंख्याशिवाय बोर्ड थंड कसा ठेवायचा याच्या मागे होती, आणि मान वर केली तेव्हा विचारणारे थांबले होते. फोन होता घरात. तो क्वचित वाजायचा, आणि वाजला तर बहुतेक वेळा चुकून लागलेला असायचा. ती “राँग नंबर” म्हणायची आणि रिसीव्हर ठेवायच्या आधी पलीकडचा माणूस काही बोलतो का, याची उगीच जराशी वाट बघायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा दूर, त्यांच्या गावी एकटे राहत. त्यांनी आयुष्यभर एका डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून काढलं, पुड्या बांधल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तरी गल्लीतला माणूस शिंकला की बाबांचा हात नाडी शोधायला पुढे व्हायचा. एकदा ते मुलीकडे राहायला आले होते. ती सकाळी जायची, अंधार पडल्यावर यायची. महिनाभरात त्यांनी पिशवी भरली. “तुझ्याकडे एकटं राहण्यापेक्षा माझ्याकडे एकटं राहिलेलं बरं. तिथे भिंती तरी ओळखीच्या आहेत,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

बाबांच्या घरची टेलिफोन लाइन म्हणजे एक प्रकरण होतं. गावाच्या पार टोकाला घर, तिथवर आलेली जुनाट तार, आणि तिच्या जोडाजोडांत पाणी मुरलेलं. कान लावला की खरखर, कडकड, मधेच कुणीतरी पिठाची चाळणी हलवतंय असा आवाज. आई गेली त्या दिवशी बाबा फोनवर काय सांगताहेत ते तिला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं होतं. आपली आई गेली हे बाबांनी ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

आणि हीच लाइन पुढे तिच्या कामी आली. कंपनीत खराब लाइनची नक्कल करणारं एक यंत्र होतं. पण त्याची खरखर फार शहाणी होती, सांगितली तेवढीच करायची. खऱ्या लाइनसारखा आडमुठेपणा त्याच्यात नव्हता. तिने मॅनेजरांना सांगितलं, बाबांच्या लाइनवर जे मोडेम तग धरेल ते कुठेही चालेल. मॅनेजरांना कल्पना पटली. मग सुट्टी काढून ती गावी गेली आणि एक जुनी मोडेमची पेटी बाबांच्या फोनशेजारी ठेवून आली. कुठली वायर कुठे घालायची ते त्यांना शिकवलं. बाबांनी ते औषधाचा डोस ऐकावा तसं मान डोलावत ऐकलं.

तेव्हापासून दर आठवड्याला, दुपारच्या जेवणानंतर प्रयोगशाळा रिकामी असताना, ती कंपनीतून बाबांना फोन लावायची. आधी खरखर नीट आहे ना ते कानाने ऐकायची. मग म्हणायची, “बाबा, लावा.” बाबा फोनची वायर काढून पेटीत घालायचे. इकडून तिचा नवा बोर्ड त्या पेटीला फोन लावायचा आणि दोन्ही मोडेमं त्या कडकडाटात एकमेकांशी बोलत राहायची, नाहीतर मधेच मान टाकायची. ते झालं की बाबा वायर पुन्हा फोनला जोडायचे, ती पुन्हा फोन करायची.

“दिवा लागला होता,” बाबा सांगायचे. “मग विझला.”

“कळलं. म्हणजे तुटलं. पुढच्या आठवड्यात बघू.”

“बरं. अगं, काल ना इथे...”

“बाबा, आत्ता मिटिंग आहे. नंतर बोलू.”

नंतर म्हणजे पुढच्या आठवड्यात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा, “बाबा, लावा.” एवढंच त्यांचं बोलणं. एरवी ती त्यांना फोन करत नसे. टेस्ट असली की फोन, टेस्ट नसली की नाही, हे दोघांच्याही अंगवळणी पडून गेलं. बाबा स्वतःहून करत नसत, कारण करायचा तो तिने, असं ठरल्यासारखंच होतं.

एकदा टेलिफोनचा लाइनमन आपणहून बाबांच्या दारात आला, नवी तार टाकतो म्हणाला. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. “माझ्या मुलीला खराबच पाहिजे,” ते म्हणाले. लाइनमनने गल्लीत जाऊन हे सांगितलं, आणि काही दिवस लोक बाबांकडे जरा जपून बघू लागले. बाबांनी हे तिला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. खरखरीत तिला अर्धंच कळलं, पण तार टाकू दिली नाही एवढं कळलं आणि ती म्हणाली, “शाब्बास.” मुलीने बापाला शाब्बास म्हणावं, त्याचंही बाबांना बरंच वाटलं.

होता होता मोडेम पत्त्यांच्या कॅटाएवढं करायची वेळ आली, आणि तिथे घोडं अडलं. बाकी सगळं बसलं, एक ट्रान्सफॉर्मर बसेना. टेलिफोनची लाइन आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं आणि तरी आवाज पलीकडे पोचवायचा, हे त्याचं काम. तो काढता येत नव्हता, फार तर लहान करता येत होता. लहान ट्रान्सफॉर्मर आवाज पोचवायचा, पण जरा फाटका करून. चांगल्या लाइनवर ते खपून जायचं. बाबांच्या लाइनवर आधीच गोंधळ, त्यात ही भर पडली की मोडेम मधेच तुटायचं. एक नमुना झाला, दुसरा झाला, ऋतू बदलला. बाबांचं आपलं चालूच, दिवा लागला, मग विझला. दुसऱ्या एका कंपनीने लहान मोडेम बाजारात आणल्याची बातमी आली आणि मॅनेजर तिच्या टेबलाभोवती घिरट्या घालू लागले.

त्याच सुमारास बाबांनी विचारलं, “हे लहान झालं म्हणजे मग काय?”

“मग काय? संपलं.”

“टेस्ट संपली?”

“हो. तुमचाही त्रास संपला.”

बाबा काही तरी बोलले, ते खरखरीत बुडालं. तिने परत विचारलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी नवा बोर्ड लागला आणि तुटलाच नाही. ती पडद्याकडे बघत उभी राहिली. आकडे सरकत होते, वेग नेहमीपेक्षा जास्त होता. फोन लावताना खरखर तर तिने स्वतःच्या कानाने ऐकली होती, नेहमीपेक्षा काकणभर जास्तच. म्हणजे हे सगळं श्रेय लहान ट्रान्सफॉर्मरचं. आता नियमाप्रमाणे गेल्या खेपेचा नापास बोर्ड लावून बघायला हवा होता. पण तोवर मॅनेजर मागे येऊन उभे राहिले होते, खरेदीवाल्याने टाळी वाजवली होती, आणि तिकडे म्हातारा माणूस पेटीजवळ ताटकळत उभा असणार. शिवाय सांगायचं तर, इतक्या दिवसांनी कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली होती. ज्या बाईने जन्मभर प्रत्येक पार्टची उलटतपासणी घेतली, तिने त्या दिवशी स्वतःला एकही प्रश्न विचारला नाही.

“झालं, बाबा! झालं!” ती फोनवर ओरडली.

“झालं?” पलीकडून खरखरीतून आवाज आला. “दिवा विझला नाही, ते बघितलं मी. छान झालं.”

“आता तुम्ही सुटलात.”

“हो,” बाबा म्हणाले. “सुटलो.”

मग टेस्ट नव्हती, म्हणून फोनही नव्हता. पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणानंतर तिचा हात सवयीने रिसीव्हरकडे गेला. फोन करून बोलायचं काय, ते तिला सुचेना. तिने हात मागे घेतला. बाबांनी काय केलं ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर शेजारणीने सांगितलं की त्या दिवशी दुपारभर ते फोनच्या खोलीतून हलले नव्हते, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

छोटं मोडेम बाजारात गेलं. पेपरात जाहिरात आली, त्यात ते कुणाच्या तरी गोऱ्यापान तळहातावर ठेवलेलं होतं. आणि मग ती मोडेमं परत येऊ लागली. आधी तुरळक, मग खोकी भरभरून. तक्रार एकच, लागतं आणि तुटतं. सगळी आडगावांतून, लांबच्या तारांवरून आलेली. खरेदीवाला आता चहा घेऊन येईनासा झाला. मॅनेजरांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलं होतंच.

“मॅडम, तुमच्या वडिलांच्या लाइनवर चाललं होतं ना?”

“चाललं होतं. मी स्वतः बघितलंय.”

“मग हे काय?”

टेबलाशी परत येऊन तिने बाबांना फोन लावला. कित्येक आठवड्यांनी. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

“बाबा, पेटी आहे ना अजून? लावा.”

“आहे, आहे! लावतो!” कडकडाटातून बाबांचा आवाज आला, आणि त्यात असा आनंद होता की तिला क्षणभर आपण फोन कशासाठी केलाय तेच आठवेना.

मोडेम छान चाललं. मग तिने, फार उशिरा, आपला नियम पाळला आणि पूर्वी हमखास नापास झालेला बोर्ड लावला. तोही पास झाला. दोन्ही मोडेमं सांगत होती, लाइन स्वच्छ आहे. कान सांगत होता, लाइन भयंकर आहे. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं. मोडेम खोटं बोलत असणार असं तिने धरलं, कारण बाबांचा संशय यायला काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीटर आणि लाइनमनकडे असतो तसला एक हातफोन पिशवीत टाकून, लाइन मोजून बघायला तिने गावची बस पकडली. येते म्हणून कळवलंही नाही.

घरापाशी पोचली तर खांबापासून भिंतीपर्यंत नवी कोरी काळी तार. ती रस्त्यातच उभी राहिली आणि तिने तार डोळ्यांनी पार टोकापर्यंत नेली. मग भिंतीवरची टेलिफोनची डबी उघडली, हातफोन जोडला, कानाला लावला. आत नुसता डायल टोन होता, स्वच्छ आणि एकसारखा.

बाबा दारात आले. मुलगी दिसल्यावर त्यांचा चेहरा फुलला, आणि तिच्या हातात काय आहे ते दिसल्यावर उतरला.

“कधी दुरुस्त केली लाइन?”

“कुठे? खराबच आहे की.”

“बाबा, मी ऐकतेय.”

बाबा आत गेले. ती मागोमाग गेली. फोनच्या टेबलावर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडल्या होत्या, चुरगळून चुरगळून मऊ झालेल्या. बाबांनी त्यातली एक उचलली, रिसीव्हर तोंडाशी धरला आणि पट्टी त्याच्याजवळ बोटांत चोळली. आपल्या चोरीचं प्रात्यक्षिक द्यावं लागलेल्या माणसाने द्यावं तसं, खाली बघत.

“असं करायचो,” ते म्हणाले. “कडकड हवी असली की जरा जोरात.”

ती खुर्चीत बसली. तिला हसू आलं, आणि लगेच त्याहून मोठा राग आला.

“माझी सगळी टेस्ट त्या लाइनवर होती, बाबा! तुमच्या भरवशावर मी पास केलं ते! खोक्यांनी माल परत येतोय. कंपनीत मला तोंड दाखवायला जागा नाही. आणि तुम्ही इथे गोळ्यांची पाकिटं चोळत बसला होतात?”

“मला काय माहीत, त्याने ते पास होतं म्हणून?”

“पण दुरुस्त केलीतच कशाला?”

“तुझा आवाज ऐकायचा होता,” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं झाली, फोनवर नीट ऐकलाच नव्हता. तुझ्या आईसारखा झालाय का, तेही कळत नव्हतं.”

तिने टेबलावरची एक पट्टी उचलून बोटांनी सरळ केली.

“झालाय,” बाबा म्हणाले.

“मग मला सांगायचं ना. लाइन दुरुस्त केली म्हणून सांगायचं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?”

“सांगितलं असतं तर तू दुसरी खराब लाइन शोधली असतीस.”

ते त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. आज ताप आहे, उद्या उतरेल, अशा सुरात म्हटलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. खरंच शोधली असती. त्याच आठवड्यात शोधली असती आणि बाबांना म्हणाली असती, तुम्ही सुटलात. टेस्ट पास झाली त्या दिवशी फोनवर तिने हेच वाक्य आनंदाने म्हटलं होतं, आणि हा माणूस ‘हो, सुटलो’ म्हणाला होता. राग कुठल्या कुठे गेला. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त, एकदम फार एकटं वाटलं, समोर बाबा बसलेले असताना.

बाबांनी चहा केला. दोघांनी तो घेतला. संध्याकाळच्या बसने ती परत गेली.

मॅनेजरांना तिने सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. लाइन मधेच दुरुस्त झाली, माझ्या लक्षात आलं नाही, जुना बोर्ड लावून बघायचा राहिला, चूक माझी.

“पण दुरुस्त झाल्याचं वडील बोलले नाहीत?”

“म्हातारा माणूस, सर. लक्षात राहिलं नसेल.”

गोळ्यांच्या पट्ट्यांबद्दल तिने ताकास तूर लागू दिली नाही. मॅनेजरांनी डोक्याला हात लावला, पण तिला काढलं नाही. जुना, मोठा ट्रान्सफॉर्मर परत आला, डबी जरा जाड झाली, जाहिरातीतला तळहात गेला. आणि त्या दिवशी ती निघता निघता मॅनेजर सहज म्हणाले, “आता त्या लाइनचा काही उपयोग नाही. दुसरी खराब लाइन शोधा.”

ती “हो सर” म्हणाली.

लाइन मिळायला वेळ लागला नाही. खरेदीवाल्याची एक मावशी कुठेतरी डोंगरापलीकडे राहत होती, तिच्या फोनवर माणसाचं बोलणं ऐकू येत नाही अशी ख्याती होती. त्याने मोठ्या उत्साहाने नंबर दिला. तिथे ठेवायला पेटी हवी होती आणि कंपनीत तसली जुनी पेटी आता उरली नव्हती. तेव्हा भांडारातून निरोप आला, वडिलांकडची मागवून घ्या. हे बाबांना फोनवर सांगायची तिची हिंमत झाली नाही. तिने पोस्टकार्ड टाकलं. पेटी आली, ती औषधाच्या बाटल्या बांधतात तशी कापसात गुंडाळून, वर सुतळीच्या घट्ट गाठी. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. गाठी सोडवताना तिची नखं दुखली, तरी तिने कात्री घेतली नाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली, दिवा लावला आणि खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे पलंगावर ठेवून फोनजवळ बसली. या फोनवरून तिने बाबांचा नंबर शेवटचा कधी फिरवला होता ते तिला आठवत नव्हतं.

“हॅलो? कोण?”

“मी, बाबा.”

“तू? घरून? पेटी पोचली ना?”

“पोचली. छान बांधली होती.”

“फुटायला नको म्हणून.”

“हो.”

मग दोघंही थांबले. लाइन इतकी स्वच्छ होती की बाबांचा श्वास ऐकू येत होता, त्यांच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं, लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकलं तेही ऐकू आलं. इतक्या वर्षांत प्रथमच सगळं ऐकू येत होतं आणि बोलायला काही नव्हतं. इतर बापलेकी काय बोलतात? तिने मनात चाचपून पाहिलं. कंपनीतलं सांगावं तर त्यांना कळणार नाही, गावातलं विचारावं तर तिला नावं माहीत नाहीत. खरखर होती तेव्हा सगळा दोष खरखरीवर टाकता येत होता.

“बरं मग,” बाबा शेवटी म्हणाले. “तुला कामं असतील. ठेवू?”

“बाबा.”

“काय गं?”

“माझा गुडघा दुखतोय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कुठला? उजवा की डावा?”

“उजवा.”

“बसून उठताना दुखतो, की जिना चढताना? सूज आहे? हात लाव बघू, गरम लागतो का?”

तिने हात लावला. “थोडासा.”

“थोडासा म्हणजे कपाळाहून जास्त की कमी? नीट सांग. हे असं अंगावर काढतेस आणि मग महाग पडतं. कधीपासून आहे? पडली होतीस का कुठे?” बाबांचा आवाज भरत चालला होता. त्यांनी तिला बूट कसले घालतेस ते विचारलं, दिवसभर उभी असतेस की बसलेली ते विचारलं, तिच्या आईच्या गुडघ्याची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, जी तिने कधीच ऐकली नव्हती. आई जिन्यावर मधेच बसायची आणि म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, मी जरा हवा बघते. कुणाला दुखतंय म्हणून कळू द्यायची नाही. मग त्यांनी उपाय सांगितला. गरम पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, गुडघ्यावर ठेवायचं, निवलं की पुन्हा. घाई करायची नाही.

“आणि उद्या फोन करून सांग, कसं वाटतंय ते.”

“करते.”

“विसरू नकोस.”

“नाही विसरणार, बाबा.”

रिसीव्हर ठेवून ती उठली. खोलीत पुन्हा काही आवाज नव्हता. गुडघ्याला तिच्या काहीही झालेलं नव्हतं, अगदी ठणठणीत होता. तरी ती स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात पाणी घेतलं आणि तापायला ठेवलं.